चंदाचा जॉइंट

मानोरा गावापासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका तांड्यावर चंदा आडे राहते. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं सडपातळ, गुडघे मात्र आताच म्हाताऱ्या बाईसारखे वाजतात, कारण तिचं कामच गुडघ्यावर बसून करायचं आहे. तिच्या रागाबद्दल तांड्यावर सांगतात की तो चटकन येत नाही, आणि आला की चटकन जातही नाही. दिराशी एकदा बांधावरून बोलाचाली झाली, तेव्हा ती सहा वर्षं त्याच्या दारात गेली नाही. दीर शेजारच्याच घरात राहत होता.

तिचं काम नवं आहे. वाशिम जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जागोजागी हिरव्या प्लास्टिकच्या गवताची मैदानं झाली आहेत. शाळांमध्ये, मंगल कार्यालयांच्या मागे, सधन घरांच्या परसात. लोक त्याला टर्फ म्हणतात. चारी बाजूंनी जाळी लावायची आणि आत क्रिकेट, फुटबॉल, काय वाटेल ते खेळायचं. हे गवत सतरंजीसारखं गुंडाळून येतं, साडेसहा फूट पन्ह्याचं. एक रोल अंथरला की त्याच्या शेजारी दुसरा अंथरायचा आणि दोघांच्या कडा एकमेकींना जोडायच्या. ही जोडणी म्हणजे जॉइंट. चंदा जॉइंट मारते.

शिकली ती पुण्याच्या बाजूला. नवरा मदनसिंगबरोबर बांधकामावर गेली होती, आणि एका टर्फच्या साईटवर तिला गवतात रेती झाडायचं काम मिळालं होतं. तिथला जॉइंट मारणारा माणूस घाईत कडा चिकटवायचा, आणि दोन महिन्यांत त्या पुन्हा सुटायच्या. चंदा त्याला रोज पाहत होती. एक दिवस तो जेवायला गेला असताना तिनं कटर उचललं, दोन्ही कडांचं दोन-दोन रांगा गवत कापून टाकलं, खाली टेप अंथरली, दातेरी पत्र्यानं चिकटवायचं सोल्यूशन पसरलं, आणि ते बोटाला चिकटायला लागेपर्यंत गप्प बसून राहिली. मग पात्यांची टोकं बोटानं बाजूला करत करत कडा मिटवल्या. मुकादम आला, त्यानं त्यावरून तळहात फिरवला आणि विचारलं, "जोड कुठंय?"

त्यानंतर सहा वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही. सासू पडली म्हणून नवरा-बायको तांड्यावर परत आले, तेव्हा हे काम तिच्याबरोबर आलं. मदनसिंग जड रोल ओढायचा, अनसिंग गावची निता सोल्यूशन कालवायची आणि चंदा जॉइंट मारायची. अकोल्याचा एक ठेकेदार होता, विकास नावाचा. तो ऑर्डर घ्यायचा, खणणं-भरणं त्याच्या माणसांकडून करून घ्यायचा, आणि शेवटी चंदाला बोलवायचा. जॉइंट कोणाचा, असं कोणी विचारलं तर तोच अभिमानानं तिचं नाव सांगायचा. तोवर सगळं ठीक होतं.

जेठ महिन्यात विकासनं तिला वाशिमला बोलावलं. रिसोड रोडला नवी वस्ती झाली आहे, तिथं प्रेमाबाईंचा बंगला होता. प्रेमाबाई जैन घरातल्या, घराणं कापडाच्या मोठ्या व्यापाऱ्यांचं. नवरा वारल्यापासून दुकान मुलगा अंकित पाहायचा. अंकितला बंगल्याच्या मागच्या जागेत मुलांसाठी टर्फ हवं होतं. त्याचा मुलगा अर्हम, आणि मुलगी टीना, नऊ वर्षांची.

चंदा मागच्या अंगणात गेली आणि कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली. ही जागा चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत शेत होती. तूर, सोयाबीन निघायचं तिथं. माती काळीभोर, पाणी प्यायली की फुगणारी आणि वाळली की आक्रसणारी. अशा जमिनीवर टर्फ टाकायचं तर दोन फूट माती काढून टाकावी लागते, आणि तिथं मुरूम भरून, पाणी मारून, रोलरनं दाबावा लागतो. इथं वीतभर खोदून त्यावर गिट्टी फेकली होती आणि वर दगडाची चुरी पसरून ठेवली होती.

"विकासभाऊ, हे काय केलं?" तिनं विचारलं.

"काहून, काय झालं?"

"वीतभरच खंदलं तुमी. काळी माती हाय ही. मुरूम कुठी हाय?"

विकासनं तिला बाजूला घेतलं. मागच्या ओसरीवर प्रेमाबाई ताटात मूग निवडत बसल्या होत्या, त्यांच्याकडे त्यानं मानेनं खूण केली आणि आवाज खाली आणला.

"घरच्या म्हाताऱ्या बाईले चालत नाई. जैन लोकं हायत. खोल खंदलं तं मातीतले जीव मरतात, म्हणते थे. आता तू जाऊन सांगतं का तिले?"

चंदानं ओसरीकडे पाहिलं. एकेक मूग पारखून बाजूला ठेवणारी ती बाई खरोखरच मुंगीला पाय लागू देणार नाही अशी दिसत होती. चंदाच्या घरीही पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत काही गोष्टी चालत नसत, आणि त्या का चालत नाहीत असं बाहेरच्यानं विचारलेलं तिला कधी आवडलं नव्हतं. कोणाच्या देवाधर्मात आपण तोंड घालू नये, असं तिला वाटलं.

"मंग मालकाले साफ सांगा," ती म्हणाली. "पावसाळ्यात हे उचलन. माहा जॉइंट कितीबी पक्का असला तरी खालची जमीन थोडीच माह्या हातात हाय."

"सांगतलं त्याले."

"काय म्हणाला थो?"

"चालन म्हणाला. तू तुह्यं काम कर."

तिनं केलं. पाच दिवस लागले. खालचं काम कच्चं आहे हे माहीत असल्यामुळे की काय, तिनं वरच्या कामात जरा जास्तच जीव ओतला. उन्हानं सोल्यूशन लवकर वाळायचं, म्हणून पहाटे पाचला कामाला बसायची आणि दहाला उठायची. प्रेमाबाई रोज ताकाचा तांब्या घेऊन ओसरीच्या पायरीपर्यंत यायच्या. चौथ्या दिवशी त्या चप्पल काढून गवतावर आल्या, कष्टानं खाली वाकल्या आणि त्यांनी हात फिरवून पाहिला.

"जोडलं कुठं ते सापडत नाही गं," त्या म्हणाल्या.

"सापडाले नोकोच, माय," चंदा म्हणाली. त्या आठवड्यात ती तेवढीच एकदा हसली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी निताचा फोन आला. "ग्रुपवर पाह्यलं का तू?"

टर्फचं काम करणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. अमरावती-अकोल्यापासून नांदेडपर्यंतचे दोनेकशे लोक त्यात होते. ठेकेदार, कारागीर, शाळांचे क्रीडाशिक्षक. कोणाला कोणतं काम द्यायचं ते बरंचसं तिथंच ठरायचं. चंदानं फोन उघडला. विकासनं एक व्हिडिओ टाकला होता. प्रेमाबाईंच्या परसातलं टर्फ होतं ते. मधोमध म्हशीच्या पाठीसारखा एक उंचवटा आला होता, विकास त्यावर बूट आपटून दाखवत होता आणि बोलत होता.

"पाहा, हे चंदाबाईचं काम. जॉइंट फुगला. मालकाची पोट्टी धावता धावता अडकून पडली, मनगट मोडलं तिचं. म्हणून म्हणतो, काम शिकलेल्या मानसाले द्या."

त्याच्या मागे अंकित हाताची घडी घालून उभा होता. विकासचं बोलणं संपलं तेव्हा त्यानं मान हलवली.

चंदानं तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. मदनसिंग भाकरी खात होता, त्याला वाटलं ती रडते आहे, पण ती रडत नव्हती. ती व्हिडिओ मध्येच थांबवून बोटांनी मोठा करून पाहत होती.

"हे पाय," तिनं फोन त्याच्या ताटासमोर धरला. "माहे जॉइंट कसे जातात? जाळीपासून जाळीपर्यंत, सरळ. अन् हा उंचवटा कसा हाय? तिरपा. जॉइंट फुगला असता तं सरळ फुगला असता का नाई?"

"व्हय."

"मंग?"

"मंग काय. लोकाले काय समजते त्यातलं. जाऊ दे, दुसरं काम येईन."

"कोन देईन?"

त्याच संध्याकाळी कारंज्याच्या शाळेतून उज्ज्वला मॅडमचा फोन आला. तिथल्या क्रीडाशिक्षिका. दसऱ्यानंतर त्यांच्या शाळेत टर्फ व्हायचं होतं आणि चंदाचं नाव जवळपास पक्कं झालं होतं. मॅडम अवघडून बोलत होत्या. कमिटीतल्या लोकांनी व्हिडिओ पाहिला होता, लेकरांच्या सुरक्षेचा प्रश्न होता, काम दुसऱ्याला द्यायचं ठरलं होतं. चंदानं शांतपणे ऐकून घेतलं, ठेवते म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिनं चुलीपुढचा पाण्याचा गुंड उचलला आणि अंगणात असा आपटला की त्याचं बूड चेपलं.

राग तिला कामाचा नव्हता. काम याआधीही गेलं होतं. पण आजवर तिच्या हाताला कोणी नाव ठेवलं नव्हतं. आणि ज्यानं ठेवलं त्याला खरं काय ते माहीत होतं. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

पोळा झाला आणि लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती एसटीनं वाशिमला गेली. पिशवीत कटर आणि हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. कंडक्टरनं सब्बल कशाला म्हणून विचारलं, तेव्हा तिनं तिकिटाचे पैसे पुढे केले.

अंकित घरीच होता. तिला मागच्या फाटकातून आत येताना पाहून तो लगबगीनं बाहेर आला.

"तुम्ही कशाला आलात, चंदाताई? विकास बघतोय ते."

"थो काय पाह्यते. मी पाह्यले आली."

ओसरीवर टीना बसली होती, डाव्या मनगटाला प्लास्टर. चंदा तिच्यासमोर उकिडवी बसली. लेकराचा हात पाहून तिचा आवाज आपोआप खाली आला.

"कुठी पडली तू, बाई?"

टीनानं उजव्या हातानं उंचवट्याकडे बोट दाखवलं. "तिथं. ते वर आलंय ना, त्याला पाय लागला."

चंदा उठली, उंचवट्यापाशी गेली आणि तिनं कटर उघडलं.

"हात लावू नका," अंकित म्हणाला. "एवढं महागाचं गवत आहे. कापलंत तर मी पोलिसांत जाईन."

"जा. त्यायलेबी घेऊन या. त्यायलेबी दाखवीन."

"अंकित." प्रेमाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "काय म्हणते ते पाहू दे."

चंदानं उंचवट्यावर आडवा आणि उभा असे दोन काप घेतले आणि गवताचे चार पदर उलटे केले. खाली चुरीचा पातळ थर होता, विखुरलेली गिट्टी होती, आणि त्या गिट्टीच्या फटींतून काळी माती लोण्यासारखी वर आली होती. तिनं सब्बल उभी धरली आणि एका हातानं दाबली. ती सरळ आत गेली. अर्धी गेली, तरी तिला काही लागलं नाही.

"मुरूम असता तं वीतभरबी गेली नसती," ती म्हणाली. खाली वाकून तिनं मूठभर चिखल काढला आणि अंकितच्या पायापुढे हिरव्या गवतावर टाकला. "हे फुगलं. माहा जॉइंट नाई फुगला. माहा जॉइंट तठी हाय, दोन हात दूर. दिसते का?"

त्याला दिसला नाही. कोणालाच दिसत नव्हता. तिनं गुडघ्यावर बसून बोटानं तो शोधला, त्याच्या दोन्ही बाजूंनी हातभर लांबीचा तुकडा कापला आणि टेपसकट उचलून उभी राहिली. जोड मधोमध होता.

"ओढा," तिनं एक टोक अंकितपुढे धरलं.

त्यानं हात पुढे केला नाही.

घरी देवमन नावाचा माळीकाम करणारा गडी होता, दांडगा. प्रेमाबाईंनी त्याला बोलावलं आणि ओढायला सांगितलं. एका बाजूनं देवमन, दुसऱ्या बाजूनं चंदा. दोघांनी पाय रोवून ओढलं. देवमनच्या मुठीतलं गवत उपटून आलं, खालचं अस्तर टरकन फाटलं, पण जोड हलला नाही.

प्रेमाबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. त्यांनी आधी तो चिखल पाहिला, मग तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"मग खाली एवढं उथळ का ठेवलं?" त्यांनी चंदाला विचारलं. "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

चंदाच्या तोंडून इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"तुमच्यापायी नाई बोलली. तुमीच सांगतलं ना, माय, खोल खंदू नोका म्हणून? मातीतले जीव मरतात म्हणून? मले वाटलं, या घरचा नेम हाय, आपून काहून मोडा. म्हणून म्या तोंड बंद ठेवलं. अन् तेच तोंड आता काळं करून राह्यले तुमी लोकं."

"मी सांगितलं?" प्रेमाबाई म्हणाल्या.

"विकासभाऊनं सांगतलं. तुमी तठी मूग निवडत बसल्या होत्या."

प्रेमाबाईंनी मुलाकडे मान वळवली.

"माझा नेम चातुर्मासाचा आहे. चार महिने माती खणायची नाही, हिरवं तोडायचं नाही. तेव्हा तर जेठ चालू होता. या घराचा पाया खणला तेव्हा मी स्वतः उभी होते. माझ्या नावावर कोणी घातलं हे?"

अंकितनं जाळीच्या खांबाला हात लावला आणि काढला. "अर्हमचा वाढदिवस होता, आई. त्याच्या सगळ्या मित्रांना बोलावून झालं होतं. विकास म्हणाला, खोल खणून मुरूम भरायचा तर अजून पंधरा-वीस दिवस लागतील. मी म्हटलं, वरच्यावर कर. कारागिरांना काय सांगायचं ते त्याचं त्यानं सांगितलं."

"अन् तुमाले माहीत होतं," चंदा म्हणाली. "व्हिडिओत तुमी मांगं उभे होते. मान हालवली तुमी."

"तेव्हा टीनाचा हात मोडलेला, मी टेन्शनमध्ये होतो—"

"हात मोडला त्याच्याआंधी माहीत होतं का नाई?"

त्यानं पायापुढचा चिखल चपलेच्या टोकानं बाजूला सारला.

"त्या ग्रुपात दोनशे लोकं हायत. तठी बोला. तुमच्या तोंडानं. आताच बोला, मी उभी हाय."

"मी आधी विकासशी बोलतो," अंकित म्हणाला. "असं एकदम नाही करता येत. दोन दिवसांत बघतो मी."

चंदानं प्रेमाबाईंच्या हातातून जोडाचा तुकडा घेतला, पिशवीत घातला आणि सब्बल उचलली. प्रेमाबाईंनी पाणी पिऊन जा म्हटलं. ती म्हणाली, "नोको, माय," आणि फाटकातून बाहेर पडली. टर्फच्या मधोमध ताटाएवढा चिखल उघडा पडला होता. एसटी स्टँडपर्यंत ती चालत गेली आणि वाटेत तिला कळलं की आपले दात इतके आवळलेले आहेत की जबडा दुखतो आहे. खरं बाहेर आलं होतं, तरी तिला जराही हलकं वाटत नव्हतं. उलट आता विकासबरोबर आणखी एका माणसाचा राग आला होता, आणि हा माणूस तिच्याशी नेहमी अहो-जाहो करून, ताई म्हणून बोलत आला होता.

दुसऱ्या दिवशी ती कारंज्याला गेली. उज्ज्वला मॅडमनी तिला ऑफिसात बसवलं आणि काम आता परत येणार नाही हे आधीच सांगून टाकलं.

"मले काम नोको," चंदानं टेबलावर तुकडा ठेवला. "तुमी फक्त ओढून पाहा."

मॅडमनी ओढला. मग शिपायाला बोलावलं आणि दोघांनी मिळून ओढला. निताला चंदानं बरोबर आणलंच होतं, तिनं फोनवर ते सगळं टिपलं. ग्रुपवर व्हिडिओ गेला. पाच-सहा जणांनी अंगठे पाठवले. विकासनं खाली लिहिलं की हा तुकडा दुसऱ्याच साईटचा असेल. बाकीचे लोक गंमत पाहत राहिले.

अंकितचे दोन दिवस चार दिवस झाले. मग एका सकाळी चंदाच्या फोनवर त्याचा संदेश आला. तिनं घाईघाईनं उघडला. पाण्यात उमललेल्या कमळाचं चित्र होतं, त्यावर सोनेरी अक्षरं. वर्षभरात कळत-नकळत आमच्याकडून आपलं मन दुखावलं असल्यास मिच्छामि दुक्कडम्. खाली अंकित आणि परिवार. जैनांचं पर्युषण संपलं होतं आणि क्षमा मागायचा दिवस होता. दुकानाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना, व्यापाऱ्यांना गेलेलं तेच कमळ चंदालाही आलं होतं.

मदनसिंगनं ते तिच्याकडून समजून घेतलं आणि त्याला बरं वाटलं. "चाला, माफी मागतली त्यानं. झालं मंग आता."

"कोनाले मागतली?"

"तुले. तुह्याच फोनवर आलं ना."

"याच्यात माहं नाव दाखव," चंदा म्हणाली. "कुठी लिवलं, थे सांग. काय केलं, थे कुठी हाय? कळत-नकळत म्हणते. न कळता केलं का त्यानं? सारं कळत केलं. फुलाचं चित्र पाठवून राह्यला मले."

तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातून दीर बाहेर आला. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि अंकितला आवाजात उत्तर पाठवलं.

"अंकितभाऊ, तुमचं फूल भेटलं. अशी माफी मी घेत नाई. मन दुखावलं असन तं, असं नोका म्हणू. दुखावलं. तुमी दुखावलं. जमीन उथळ तुमी ठेवली, मायच्या नावानं लबाडी झाली थे तुमाले माहीत होतं, पोट्टी पडली तवा माह्यावर ढकललं. हे सारं नाव घेऊन म्हणा, अन् जठी माहं नाव खराब केलं तठीच म्हणा. मंग पाहू माफीचं काय करा लागते थे."

हे उत्तर अंकितनं दिवाणखान्यात बसून लावलं, आणि आई आत आहे असं त्याला वाटत होतं. प्रेमाबाई दाराशीच होत्या. आदल्या दिवशीचा त्यांचा उपास होता, अंगात ताकद नव्हती, तरी त्या खुर्ची धरून उभ्या राहिल्या आणि पुन्हा लाव म्हणाल्या. हे नंतर देवमननं निताला सांगितलं आणि निताकडून चंदाला कळलं. प्रेमाबाई मुलाला एवढंच म्हणाल्या की माझ्या नेमाचं नाव घेऊन तुम्ही खोटं चालवलं, आणि वर माझ्याच पर्युषणाची कमळं वाटता. ती बाई म्हणते तसं होईपर्यंत माझ्याशीही बोलू नकोस.

तीन दिवस घरात अबोला होता. चौथ्या दिवशी ग्रुपवर अंकितचा आवाज आला. ग्रुपच्या एक अॅडमिन असलेल्या उज्ज्वला मॅडमनी त्याला ग्रुपमध्ये घेतलं होतं. पाऊण मिनिटाचं बोलणं. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, वाशिमच्या टर्फचा मालक मी असं सांगितलं. खाली मुरूम भरायला मीच नको म्हटलं, चंदाताईंनी काम सुरू होण्याआधी सावध केलं होतं, जॉइंट पक्का होता आणि आहे, माझ्या मुलीच्या हाताला जबाबदार मी आणि ठेकेदार आहोत, चंदाताईंची मी माफी मागतो. आवाज पाठ केल्यासारखा होता, पण एकही गोष्ट सुटली नव्हती.

चंदानं ते तीनदा ऐकलं. मग फोन मदनसिंगच्या हातात दिला आणि कापूस पाहायला शेताकडे निघून गेली. लोकांचे अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली. दुसऱ्या दिवशी विकासनं अकोल्यातल्या एका नव्या टर्फचे फोटो टाकले आणि त्यालाही तेवढेच अंगठे मिळाले. कारंज्याचं काम परत आलं नाही. मंगरूळपीरहून मात्र एक फोन आला, आणि त्या माणसानं आधीच सांगितलं की खोदकाम तुम्हीच पाहा.

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, आणि दोनच दिवसांनी प्रेमाबाईंनी स्वतः फोन केला. ते मैदान पुन्हा करून दे म्हणाल्या. चंदा लगेच हो म्हणाली नाही. ठेकेदार नको, खोली मी ठरवणार, मुरूम मी पाहून घेणार, आणि कोणाचा वाढदिवस असो की लग्न असो, काम संपल्याशिवाय जाळीच्या आत कोणी पाय ठेवणार नाही, असं तिनं सांगितलं. प्रेमाबाई म्हणाल्या, ठीक.

या खेपेला जेसीबी लागला. काळी माती कंबरेच्या वर ढीग होऊन पडली आणि ट्रॅक्टरनं गेली. प्रेमाबाई सकाळच्या वेळी काठावर खुर्ची टाकून बसायच्या, पण मूग आत ठेवून यायच्या. खड्ड्यात गांडुळं दिसली की देवमनकडून घमेल्यात भरून घेऊन कुंपणापलीकडच्या जमिनीत सोडायला लावायच्या. चंदाला त्याचा वैताग यायचा, कारण काम थांबायचं. पण एकदा तिनंच एक घमेलं उचलून दिलं.

अंकितशी ती फक्त मापं बोलायची. दोन फूट. सहा इंच. उतार तिकडं काढा, पाणी त्या कोपऱ्यातून गेलं पाहिजे. तो वही घेऊन लिहून घ्यायचा. टीनाचं प्लास्टर निघालं होतं आणि ती जाळीबाहेर उभी राहून किती दिवस, किती दिवस असं विचारायची. तिच्याशी चंदा पुष्कळ बोलायची.

मुरुमाचा तिसरा थर पडला, पाणी मारून झालं आणि रोलर चारदा फिरला. रोलरवाल्यानं इंजिन बंद करून उतरायला पाय खाली टाकला. अंकित काठावरून पुढे आला.

"झालं ना आता, चंदाताई? उद्या गवत टाकता येईल?"

चंदा खाली बसली. तिनं अंगठ्यानं मुरूम दाबून पाहिला, मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन तिथंही पाहिला.

"नाई," ती रोलरवाल्याकडे पाहत म्हणाली. "बस वर. हा कोपरा अजून दोन खेपा पाह्यजे."

रोलर पुन्हा सुरू झाला आणि त्या आवाजात अंकित आणखी काही म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. तिनं विचारलंही नाही.